आधी गल्ली, मग खंड



"मुलगी कॉलेजात आहे. परदेशातल्या मुलामुलींबरोबर तिची ऑनलाइन बैठक ठरली आहे. सगळे आपापल्या धर्माविषयी बोलणार आहेत आणि हिला इस्लामवर बोलायला सांगितले आहे. बोलू द्यावे का?" जालना शहरात, अंबडला, परतूरला, भोकरदनला हा प्रश्न अलीकडे आई-वडिलांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. कुणाचा मुलगा आखातात नोकरीला आहे आणि फिलिपाइन्सच्या ख्रिस्ती सहकाऱ्याबरोबर एका खोलीत राहतो. कुणाची भाची पुण्याच्या वसतिगृहात आहे, तिच्या मैत्रिणी रमजानमध्ये तिला विचारतात, "पाणीसुद्धा नाही?" मुले घराबाहेर पडली की हा संवाद आपोआप सुरू होतो. आपण परवानगी देतो की नाही, याची तो वाट पाहत नाही.

आई-वडिलांच्या मनात दोन भीती असतात. एक ईमानाची: दहा धर्मांच्या गोष्टी ऐकून पोराचे मन डळमळले तर? दुसरी आजच्या दिवसांची: बोलण्याच्या ओघात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, कुणी त्याची क्लिप काढून गावभर फिरवली तर? या दोन्ही भीती खोट्या नाहीत. "काही होत नाही हो" असे म्हणून त्या उडवून लावणे बरोबर नाही. पण भीती खरी आहे म्हणून मुलांना गप्प बसवणे हाच उपाय ठरतो का, हे तपासायला हवे.

सुरुवात आपल्या घरातल्या सर्वांत मोठ्या आधारापासून करू. पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील तेरावी आयत सर्व माणसांना उद्देशून आहे. अल्लाहने माणसांना एका स्त्री-पुरुषापासून निर्माण केले आणि त्यांचे समूह व कबिले केले, ते त्यांनी एकमेकांना ओळखावे म्हणून, असा तिचा आशय आहे. या ओळखीला अरबीत 'तआरुफ' म्हणतात. उर्दूतून हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देताना आपण तो वापरतो. म्हणजे वेगळेपण हा अपघात नाही. वेगळेपण आहे म्हणून तर ओळख करून घ्यायची आहे. त्याच वेळी श्रद्धेच्या बाबतीत देवाणघेवाण नाही, हे सूरह अल-काफिरून स्पष्ट करते. ओळख हवी, सरमिसळ नको. ही मर्यादा मुलांना एकदा नीट समजली की पहिली भीती बरीच कमी होते.

आता एका तरुणाची गोष्ट. ती आपल्या घरांत सांगितली जाते, पण या अंगाने क्वचितच. साल इ.स. ६१५च्या सुमाराचे, नबुव्वतचे पाचवे वर्ष. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काही सहाबांना तांबडा समुद्र ओलांडून हबशाला जायला सांगितले. हबशा म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियाचा भाग. खंड दुसरा, भाषा दुसरी आणि राजा नजाशी ख्रिस्ती. त्याच्या दरबारात मुस्लिमांच्या वतीने बोलले हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.). त्यांचे वय तेव्हा पंचविशीच्या आसपास असावे. समोर मक्केहून आलेले कुरैशचे दूत होते. या लोकांना आमच्या हवाली करा, अशी त्यांची मागणी होती.

जाफर (रजि.) काय बोलले, ते सीरतच्या ग्रंथांत तपशिलाने आले आहे. त्यांनी वादाने सुरुवात केली नाही. आधी आपल्याच लोकांची जुनी अवस्था सांगितली: दुबळ्याला खाणारा बलवान, तुटलेली नाती, शेजाऱ्याशी वाईट वागणूक. मग प्रेषितांनी (स.) काय शिकवले ते सांगितले: खरे बोलणे, अमानत सांभाळणे, नाती जपणे, शेजाऱ्याशी चांगले वागणे. राजाने काही ऐकवायला सांगितले तेव्हा त्यांनी सूरह मरियमचा सुरुवातीचा भाग पढला. हजरत मरियम (अलै.) आणि हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयीचा आदर हा दोघांच्या मधला सामाईक धागा होता. तो ऐकून राजाच्या आणि धर्मगुरूंच्या डोळ्यांत पाणी आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी कुरैशच्या दूतांनी नेमका अवघड प्रश्न राजासमोर ठेवला: हे लोक ईसांविषयी काय म्हणतात, ते विचारा. उत्तर चुकले तर आसरा जाणार होता. तेव्हा मुस्लिमांनी आपसांत विचार केला आणि ठरवले की जे शिकवले गेले तेच सांगायचे, मग जे व्हायचे ते होवो. जाफर (रजि.) यांनी फरक लपवला नाही आणि अपमानही केला नाही. नजाशीने त्यांना अभय दिले. जाफर आणि त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) तिथे बारा-तेरा वर्षे राहिले. त्यांची मुले तिथेच जन्मली. हिजरी सन ७ मध्ये, खैबरच्या वेळी, ते मदीनेला परतले. पुढे नजाशी वारल्याची खबर आली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्यासाठी गायबाना जनाजाची नमाज पढली.

या एका प्रसंगात आंतरधर्मीय संवादाचे सगळे नियम आले आहेत. आधी सामाईक गोष्ट. मग फरक, तोही प्रामाणिकपणे आणि अदबीने. आणि भाषणानंतर तिथेच बारा-तेरा वर्षे चांगले शेजारी म्हणून राहणे. दरबारातले बोलणे एक-दोन दिवसांचे होते. त्याला किंमत आली ती पुढच्या वर्षांमुळे.

आता दुसरे चित्र पाहू. ११ सप्टेंबर १८९३ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात जागतिक सर्वधर्म परिषद भरली. भारतातून गेलेल्यांत स्वामी विवेकानंद तीस वर्षांचे होते आणि जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद गांधी एकोणतीस वर्षांचे. मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने बोलले. आणि इस्लाम? तुर्कस्तानच्या सुलतानाने परिषदेला पाठिंबा दिला नाही. इस्लामची बाजू मांडणारे मुख्य वक्ते होते मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब, हे इस्लाम स्वीकारलेले अमेरिकी पत्रकार. त्यांना इस्लामकडे वळवण्यात मुंबई नगरपालिकेचे एक सदस्य बदरुद्दीन अब्दुल्ला कूर यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा वाटा होता. मुंबईहून गेलेल्या पत्रांचे फळ शिकागोच्या व्यासपीठावर दिसले, ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट. पण कोट्यवधी मुस्लिमांच्या वतीने बोलायला तिथे जवळपास एकच आवाज होता. उलट इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माची तुलना करणारा निबंध इस्तंबूलच्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या अमेरिकी प्रमुखांनी वाचला. आपली खुर्ची रिकामी राहिली म्हणून चर्चा थांबत नाही. फक्त आपल्याविषयी दुसरे बोलतात.

मराठी तरुणांपैकी या वाटेवर मनापासून चाललेले नाव म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. जन्म १८७३, जमखंडीचा. मुंबईच्या प्रार्थना समाजाकडून निवड होऊन १९०१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात जगातील धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदारमतवादी धर्मविचारकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे त्यांनी भारतातल्या उदार धर्माविषयी निबंध वाचला. सामान्य घरातला एक मराठी मुलगा युरोपच्या विद्वानांसमोर आपल्या देशाच्या श्रद्धांविषयी बोलत होता.

शिंद्यांचे खरे मोठेपण मात्र परत आल्यावर दिसले. परदेशी परिषदांची आठवण सांगत ते व्याख्याने देत बसले नाहीत. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली आणि ज्यांना समाज शिवत नव्हता त्यांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढण्यात आयुष्य घातले. देव एक आहे आणि माणसे भाऊ आहेत, असे ॲमस्टरडॅमला म्हणायचे आणि गावात वेशीबाहेरच्या माणसाची सावली टाळायची, हे त्यांना शक्यच नव्हते.

शिंद्यांचा धर्मविचार आणि आपला धर्मविचार वेगळा आहे. तरीही शिकण्यासारखी गोष्ट ही, की दूर केलेला संवाद घरी परतून कामाला लागला.

तिसरे नाव आपल्याच समाजाचे आणि आजचे. ईबू पटेल हे अमेरिकेत वाढलेले भारतीय मुस्लिम; त्यांच्या आजीचे घर मुंबईत होते. त्यांनी ऑक्सफर्डला धर्माच्या समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये त्याच शिकागो शहरात वेगवेगळ्या धर्मांच्या तरुणांना एकत्र आणणारी संस्था उभी केली. तिचे नाव आता 'इंटरफेथ अमेरिका' आहे. त्यांची पद्धत साधी आहे. धर्मशास्त्रावर वाद घालायचा नाही. आधी मिळून एखादे काम करायचे: भुकेल्यांसाठी जेवण, बेघरांसाठी घर, मुलांचा अभ्यास. मग प्रत्येकाने सांगायचे, की हे काम करायला माझा धर्म मला कसे शिकवतो.

पटेलांनी आपल्या आत्मकथनात शाळेतली एक गोष्ट लिहिली आहे. त्यांचा एक मित्र ज्यू होता. वर्गातली काही मुले त्याला धर्मावरून घालूनपाडून बोलू लागली. पटेल गप्प राहिले. पुढे त्या मित्राने सांगितले, की मला मुलांच्या शिव्यांपेक्षा मित्रांच्या गप्प राहण्याचे जास्त दुःख झाले. पटेलांच्या वडिलांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा तेही मुलावर नाराज झाले. एका मुस्लिम बापाने मुलाला सांगितले, की तू ज्यू मित्राच्या बाजूने उभा राहायला हवा होतास.

आपल्या घरांत ज्यू हा शब्द आला की पॅलेस्टाईनचे दुःख आधी आठवते. ते दुःख खरे आहे आणि अन्यायाला अन्याय म्हणणे हा ईमानाचाच भाग आहे. पण एखाद्या सरकारचा हिशेब वर्गातल्या पोराकडून वसूल करायचा नसतो. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. कुठेही काही घडले की आपल्या मुलांकडेच जाब मागितला जातो, तेव्हा कसे वाटते ते आपण जाणतो. शिवाय महाराष्ट्रातले बेने इस्रायल ज्यू हे शेकडो वर्षे कोकणकिनाऱ्यावर राहिलेले मराठी बोलणारे लोक. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. शेजारी कोकणी मुसलमान होते. आजही भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. शाळा ज्यू दानशूरांची, वर्गात आपली मुले. हाही संवादच आहे, फक्त त्याला कुणी ते नाव दिले नाही.

आता शिकागोवरून आपल्या जालन्याला येऊ. "ही मोठ्या शहरांची कामे, आपला जिल्हा कुठे!" असे कुणी म्हणेल. पण आपला जिल्हा जगापासून कधीच तुटलेला नव्हता. इटलीतल्या पाँपेई शहरात, इ.स. ७९च्या ज्वालामुखीखाली गाडलेल्या घरांत, एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री या मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशकाने जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली, तीही निजामाच्या राज्यात. हेच शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हजर होते. घनसावंगी तालुक्यातले जांब हे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचे गाव. शेजारच्या अंबड तालुक्यात गोदावरीकाठी शहागड आहे. मुस्लिम घरात जन्मून मराठीत 'सिद्धांतबोध' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या शहामुनींचे नाव शहागडशी जोडले जाते. त्यांचा विचार आपल्याला पटो न पटो, शेजाऱ्याच्या भाषेत शेजाऱ्याशी बोलण्याचे धाडस याच मातीत झाले, एवढे मान्य करावे लागेल.

मग आज काय अवस्था आहे? आपली मुले कॅनडातल्या कुणाशी मोबाइलवर तासभर बोलतात, पण चार गल्ल्यांपलीकडे कोण राहते ते त्यांना माहीत नसते. मोहल्ले वेगळे, शाळा वेगळ्या आणि आता मोबाइलवरचे ग्रुपही वेगळे. पूर्वी मोंढ्यात, विहिरीवर, सालदारकीत, एसटीच्या बाकावर जी ओळख आपोआप व्हायची ती आता ठरवून करावी लागते. खंड ओलांडायला एक बटण पुरते. गल्ली ओलांडायला पाय उचलावा लागतो. अफवा पसरते तेव्हा कॅनडातला मित्र कामाला येत नाही. "थांबा, मी त्या घरातल्यांना ओळखतो" असे म्हणणारा गल्लीतलाच माणूस कामाला येतो. संवादाची खरी कसोटी त्या एका वाक्यात आहे. ते वाक्य बोलणारी दोन माणसे इकडे आणि दोन तिकडे असली तर गाव वाचते.

इथे तरुणांची एक तक्रार ऐकायलाच हवी. "दर वेळी आम्हीच का सांगायचे? आम्हीच का सिद्ध करायचे, की आम्ही चांगले आहोत?" तक्रार रास्त आहे. संवाद म्हणजे उलटतपासणी नव्हे. ज्या बैठकीत फक्त मुस्लिम मुलालाच प्रश्न विचारले जातात ती बैठक बरोबरीची नसते आणि तिथून नम्रपणे उठून यायला हरकत नाही. पण आपणही स्वतःला विचारावे: शेजारच्या घरात वारीला जाणारे आजोबा एकादशीला काय करतात, त्यामागे त्यांची भावना काय आहे, हे आपण कधी विचारले? बौद्ध मित्राला १४ ऑक्टोबरचे महत्त्व विचारले? गावातल्या ख्रिस्ती घरात नाताळच्या आधीचे दिवस कसे जातात? जो विचारतो त्यालाच विचारले जाण्याचा हक्क मिळतो.

घरी काय करता येईल? थोड्या गोष्टी सांगतो.

पहिली, मुलांना आपला दीन समजून शिकवा. नुसते पाठांतर पुरत नाही. रोजा का, जकात कुणाला, कुर्बानीच्या गोश्तचे वाटे कसे करतात, तलाकविषयी कुरआन काय सांगते, हे मराठीत बोलता आले पाहिजे. मैत्रीण प्रश्न मराठीत विचारते. उत्तर अरबी-उर्दू शब्दांत अडकले तर तिला ते पोचत नाही.

दुसरी, "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे वाक्य बोलायला शिकवा. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, ही कुरआनचीच शिकवण आहे. अर्धवट उत्तराने होणारे नुकसान गप्प राहण्यापेक्षा मोठे असते.

तिसरी, दुसऱ्याच्या पूज्य गोष्टींची टिंगल घरात होऊ देऊ नका. सूरह अल-अनआमने याची स्पष्ट मनाई केली आहे. जेवताना वडील जे बोलतात तेच मुलगा उद्या ग्रुपवर लिहितो.

चौथी, ऑनलाइन बैठकीला मुलीला बसू द्या, पण डोळे उघडे ठेवून. बैठक कोण घेत आहे, सोबत शिक्षक आहेत का, रेकॉर्डिंग होणार का, हे आधी विचारा. घरचा पत्ता आणि फोन नंबर देऊ नये. कुणी भडकवले तर उत्तर न देता बाहेर पडावे. बैठकीनंतर अम्मीने तिच्याजवळ बसून विचारावे, "काय काय ऐकलेस?" ऐकून घेणारी अम्मी असेल तर मूल भरकटत नाही. आणि हे मुलग्यांनाही लागू आहे. सगळी काळजी मुलींच्याच वाट्याला नको.

पाचवी, बाहेरच्या एका बैठकीमागे गावातले एक काम ठरवा. रक्तदान, झाडे लावणे, उन्हाळ्यात पाणपोई, दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग. जे जमेल ते, पण दोन-तीन समाजांच्या मुलांनी मिळून. जालन्याच्या पाणीटंचाईत टँकरच्या रांगेत कुणी धर्म विचारत नाही. तीच रांग मिळून सांभाळली तर संवादाचा अर्धा अभ्यासक्रम पूर्ण होतो.

सहावी, मस्जिदीचा दरवाजा उघडा. महाराष्ट्रात ठिकठिकाणी 'मस्जिद परिचय'चे कार्यक्रम झाले आहेत. इतर धर्मांचे शेजारी येतात, वजूची जागा पाहतात, अजानचा अर्थ ऐकतात, चहा पिऊन जातात. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषितांनी (स.) मदीनेच्या मस्जिदीत येऊ दिले होते, हे सीरतमध्ये आहे. आपल्याला नवे काही करायचे नाही. आणि निमंत्रण आले तर आपल्या मुलांनीही त्यांच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जावे. इबादतीत सामील होणे वेगळे आणि अदबीने बसून ऐकणे वेगळे.

यातले काहीही एका दिवसात फळ देणार नाही. जाफर (रजि.) यांना हबशात बारा-तेरा वर्षे लागली. शिंद्यांना आयुष्य पुरले नाही. आपल्या मुलांकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवू, की जगात कुठेही गेली तरी आपल्या दीनविषयी ती स्वच्छ बोलतील आणि समोरच्याचे शांतपणे ऐकतील. अल्लाह त्यांच्या जिभेत सच्चाई आणि मनात धीर देवो. आमीन.

पुढच्या अंकापर्यंत एक छोटे काम: घरातल्या सगळ्यांनी मिळून गल्लीपलीकडच्या पाच घरांची नावे आठवून पाहा. पाच पूर्ण झाली नाहीत तर एका संध्याकाळी मुलांना बरोबर घेऊन तिकडे जाऊन या.